कारण: ओलसर कागद

नारिनला पोचलो तेव्हा नदी गोठलेली होती
आणि नोंदणी कार्यालयाच्या दारात एकोणीस माणसं.
मोजली, कारण प्रत्येकाने माझ्या पेटीकडे पाहिलं,
घरी आलेल्या डॉक्टरच्या पेटीकडे बघतात तसं.

फोनवर आनारकुल म्हणाली होती,
"तो कण्हतो, कागद ओढतो, चावतो,
आणि लाल दिवा लावून बसतो."
"बंद करून परत चालू केलात का?"
पलीकडे एवढा वेळ शांतता, की वाटलं, लाइन गेली.
"बाइके," ती म्हणाली,
"सत्तावीस वर्षं मी रोज सकाळी तेच करते. स्वतःला."

झाकण उघडलं. रोलरवर
कुणाच्या तरी जन्माचा अर्धा दाखला,
पंख्यासारखा चुण्या पडलेला.
बाळाचं नाव बाहेर आलं होतं, बाप आत अडकला होता.
चिमट्याने बाप काढला.
रोलर स्पिरिटने पुसला, टोनर हलवला,
चाचणीचं पान पाठवलं.
लाल.

आता हे घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?
रांगेतून एक म्हातारा पुढे आला, टोपी काखेत धरून.
"अडलेल्या घोड्याच्या तोंडाकडे काय बघतोस," म्हणाला,
"खूर बघ."
मला हसू आलं. मग खरंच खाली वाकलो.

खालचा ट्रे.
कागद हाताला गार लागला, किंचित मऊ,
उघड्यावर राहिलेल्या रोटीसारखा.
गठ्ठे कुठे ठेवता?
मागच्या खोलीत, खिडकीखाली.
तिची काच गेल्या मार्चमध्ये फुटली
आणि तिचा अर्ज गेल्या मार्चपासून वर गेलेला आहे.

झाडलोट करणारी सायकाल तेव्हा बोलली, फडकं पिळत:
"मी कधीची सांगतेय, कागद हीटरपाशी ठेवा.
पण मला कोण विचारतो?
माझ्याकडे पासवर्ड नाही."

एक गठ्ठा हीटरवर टेकवला. अर्धा तास.
चहा आला, वाटीत जर्दाळूचा मुरंबा आला.
तेवढ्यात म्हटलं, छपाईची रांग पाहून घेऊ.
संगणकाच्या पोटातही एक रांग असते,
तिथे मात्र कुणी कुणाला ढकलत नाही.
एकशे बारा कामं. त्यांच्या सगळ्यात वर
मागच्या फेब्रुवारीत थांबवून ठेवलेलं एक:
राजीनामा, शेवटचा, दोन.

मी पडदा तिच्याकडे वळवला नव्हता.
तिनेच मान वळवली.
"हे पुसू का?" हळूच विचारलं.
दारात कुणीतरी खोकलं. एका बाईच्या कडेवरचं बाळ
(ज्याचा बाप मी चिमट्याने काढला, ते हेच असावं)
टेबलावरचा शिक्का तोंडात घालू बघत होतं.
आनारकुलने शिक्का काढून घेतला,
शाई लागलेलं त्याचं बोट स्वतःच्या बाहीला पुसलं.
"ते कुणाला अडवतंय?"
"नाही. नुसतं उभं आहे."
"मग राहू दे."

कागद वाळला, कडक झाला, बोटांत वाजू लागला.
हिरवा दिवा.
एकोणीस माणसांनी एकदम श्वास सोडला
आणि लगेच, पहिला नंबर कुणाचा, यावरून भांडण पेटलं.
म्हातारा सर्वांत मोठ्याने ओरडत होता.
खुरांचा शोध त्याने लावला होता ना.

केबल गुंडाळली, पेटी मिटली.
दाराशी बुटांचे बंद बांधताना ऐकलं:
एक पान. मग थांबलं,
सायकालचं फडकं एकदा पिळून होईल एवढं.
मग दाखले, भराभर, एकामागून एक.
ते पहिलं कसलं होतं, वळून पाहिलं नाही.
मला बिश्केकची शेवटची गाडी गाठायची होती
आणि ते माझ्या कामात येत नाही.

गाडीत गुडघ्यावर तक्ता ठेवून भरला:
कारण: ओलसर कागद.
उपाय: वाळवला.
शेरा: खिडकी.